बाळाजीपंत नातू : बातमीदार कीं घरभेदी ?

आम्ही हायस्कुलांत इतिहास शिकवीत असतांना घडलेली एक गोष्ट प्रथम सांगावीशी वाटते. आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं त्या वेळीं आमची नेमणूक होती. मराठेशाहीचा शेवट हा धडा चालला होता. खडकीची लढाई झाली, बाजीराव पुणें सोडून निघून गेला, ता. १७ नोव्हेंबर १८१७ रोजीं शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें आणि तें चढविणारा हात बाळाजीपंत नातू नांवाच्या ब्राह्मणाचा होता, असें आम्हीं सांगितलें मात्र, तोंच मागच्या बाकांवर खसखस पिकली. वर्गांत त्याच आडनांवाचा एक मुलगा होता. पोरांनीं माना वळवून त्याच्याकडे पाहिलें. तो बिचारा वहींत डोकें खुपसून बसला.

त्या सायंकाळीं तो आमच्या घरीं आला. ओसरीवर बराच वेळ उभाच राहिला. बसावयास सांगितलें तरी बसेना. अखेर म्हणाला, “गुरुजी, तो आमच्यापैकींच होता का ?” आम्हीं म्हटलें, “अरे, एका आडनांवाचीं घराणीं पुष्कळ असतात. तूं तिकडे लक्ष देऊं नकोस.” मुलगा गेला. आमचें बोलणें खोटें नव्हतें, पण तें उत्तरही नव्हतें. ती पळवाट होती. बाळाजीपंतानें नेमकें काय केलें आणि त्याबद्दल किती दोष त्याच्या पदरीं घालावा, हें त्या वेळीं आम्हांसच नीट ठाऊक नव्हतें. पाठ्यपुस्तकानें एका वाक्यांत उरकलेला माणूस आम्हींही एका वाक्यांतच शिकविला होता. पुढें सेवानिवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हां या माणसाच्या मागें लागलों. जें हातीं आलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

हेर हा शब्द आपल्या कानांस नेहमींच थोडा हलका लागतो. तथापि आपल्या शास्त्रकारांनीं या धंद्यास हलकें मानलेलें नाहीं. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या पहिल्याच अधिकरणांत हेरांच्या संस्थेस जागा दिली आहे. कपटवेषी छात्र, व्रतापासून ढळलेला संन्यासी, शेतकरी, वाणी, तापस, भिक्षुकी अशीं त्यानें त्यांचीं रूपें सांगितलीं आहेत. दोन्हीं पक्षांचें वेतन खाणारे ‘उभयवेतन’ही त्यानें वगळलेले नाहींत. परंतु आम्हांस त्याच्या विवेचनांतील एक नियम सर्वांत मोलाचा वाटतो. एकमेकांस न ओळखणाऱ्या तीन हेरांची बातमी जुळली तरच ती खरी मानावी, आणि ज्यांच्या बातम्या वारंवार जुळत नाहींत त्यांचा गुप्तपणें बंदोबस्त करावा, असें तो सांगतो. बातमी आणणें हें हेराचें काम. ती पारखणें हें राजाचें. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण बाळाजीपंताचा न्याय शेवटीं याच भेदावर येऊन ठेपतो.

अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं उजेडांत आणून १९०९ सालीं छापली. त्यापूर्वीं शंभर वर्षें ती कोणाच्या वाचनांत असण्याचा संभव नव्हता. पण व्यवहारी माणसास पोथी लागत नाहीं. आमच्या जिल्ह्याच्या सीमेपासून थोड्याच अंतरावर, आजच्या जालना जिल्ह्यांत, असई हें लहानसें गांव आहे. तेथें ता. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं आर्थर वेलस्लीनें शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. या वेलस्लीनें आपल्या हरकाऱ्यांचीं तीन निरनिराळीं पथकें ठेविलीं होतीं. प्रत्येकाचा नाईक वेगळा, आणि एकाची बातमी दुसऱ्यास कळूं नये अशी तजवीज. इतकें करूनही असईच्या दिवशीं बातमी चुकलीच. शत्रू भोकरदनाच्या बाजूस आहे असें हरकारे सांगत होते, आणि प्रत्यक्षांत सगळी फौज केळना नदीपलीकडे अगदीं समोर उभी. वाटाडे म्हणाले, नदीला उतार नाहीं. वेलस्लीनें दुर्बीण लावली. दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गांवें दिसलीं. शेजारचीं गांवें आहेत तर माणसांस ये-जा करण्यास उतार असलाच पाहिजे, असा त्यानें तर्क बांधला, आणि उतार सांपडला.

हें सर्व पाहणारा एक तरुण त्या वेळीं त्याच्या छावणींत होता. त्याचें वय अवघें तेवीस वर्षांचें. नांव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. राजकारणाचें आणि दुभाष्याचें काम त्याजकडे होतें. पुढें तो नागपुरास रेसिडेंट झाला, काबूलच्या वकिलातीवर जाऊन आला, आणि १८११ सालीं पुण्यास रेसिडेंट म्हणून येऊन बसला. खरी बातमी किती महाग असते आणि खोटी बातमी किती महागांत पडते, याचा धडा तो आमच्या वऱ्हाडच्या उंबरठ्यावर शिकून गेला होता.

पुण्यास त्यास बातमीदारांची वाण पडली नाहीं. दुसऱ्या बाजीरावाचें पुणें म्हणजे बातम्यांचा बाजारच होता. ज्या धन्याचा कोणावर विश्वास नाहीं, त्याजवरही कोणाचा विश्वास राहत नाहीं. मामलती लिलावानें विकल्या जात. जुन्या सरदारांच्या जहागिरी आज ना उद्यां जप्त होणार हें ज्यास त्यास दिसत होतें. वाईच्या रास्त्यांची जहागीर बाजीरावानें अशीच जप्त केली. पटवर्धनांवरही त्याचा डोळा होता. या रास्त्यांच्या पदरचा एक कारकून म्हणजे बाळाजी नारायण नातू. माणूस हुशार, मितभाषी, कागदपत्रांत वाकबगार. धन्याचें घर बुडालें तेव्हां तो इंग्रजांच्या आश्रयास गेला आणि एल्फिन्स्टनच्या विश्वासांतला झाला. दक्षिणी ब्राह्मणास दरबार, देवघर आणि मुदपाकखाना या तिन्हीं ठिकाणांहून बातमी मिळे; गोऱ्यास तीं दारें बंद. बाळाजीपंताची खरी किंमत येथें होती.

बातमीचें महत्त्व एल्फिन्स्टनला लवकरच कळून आलें. १८१५ च्या जुलै महिन्यांत गायकवाडांचा वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन याचा पंढरपुरास खून झाला. शास्त्री इंग्रजांच्या हमीवर आलेला. एल्फिन्स्टन त्या वेळीं वेरूळचीं लेणीं पाहण्यास गेला होता. तेथून परतून त्यानें अल्पावधींत इतका पुरावा गोळा केला कीं बाजीरावास आपला लाडका त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या स्वाधीन करावा लागला. त्रिंबकजीस ठाण्याच्या किल्ल्यांत ठेविलें. १८१६ च्या सप्टेंबरांत तो तेथून निसटला, आणि ती हकीकत मोठी मौजेची आहे. पहारा गोऱ्या शिपायांचा. त्यांस मराठी येत नव्हतें. खिडकीखालीं एक मोतद्दार घोडा खरारा करतां करतां गाणीं म्हणे, आणि पळण्याचा सगळा बेत त्या गाण्यांत गुंफलेला असे. बिशप हेबरनें आपल्या प्रवासवृत्तांत ही गोष्ट नोंदविली आहे. तात्पर्य, त्या काळीं दोन्ही पक्ष हाच खेळ खेळत होते. बाजीराव इंग्रजांच्या पलटणींतील शिपाई फोडूं पाहत होता, आणि इंग्रज बाजीरावाच्या घरांतील माणसें.

१८१७ च्या जूनमध्यें पुण्याचा तह बाजीरावाच्या गळ्यांत बांधला गेला, आणि तेव्हांपासून तो लढाईची तयारी करूं लागला. ती तयारी एल्फिन्स्टनपासून लपली नाहीं. बाळाजीपंत नातू आणि यशवंतराव घोरपडे या दोघांकडून त्यास बातमी पोंचत होती. ग्रँट डफनें आपल्या मराठ्यांच्या इतिहासांत बाळाजीपंताचें नांव गौरवानें घेतलें आहे, यावरून इंग्रज त्याची योग्यता किती मानीत तें दिसतें. ऑक्टोबरच्या अखेरीस मुंबईहून गोरी पलटण येऊन पोंचली, इंग्रजांनीं आपली छावणी हालवून खडकीस नेली, आणि ता. ५ नोव्हेंबरास लढाई झाली. संगमावरचा रेसिडेंटाचा बंगला जळाला, त्यांत एल्फिन्स्टनचे ग्रंथ व कागद भस्म झाले. पण लढाई त्यानें जिंकली. पेशव्यांकडील फौज कितीतरी पटींनीं मोठी होती. शत्रू केव्हां आणि कोठून येणार हें ज्यास आधीं कळलें आहे, त्याची थोडी फौजही पुष्कळ होते.

याच लढाईंतील दुसऱ्या एका ब्राह्मणाची कथा ग्रँट डफनेंच लिहून ठेविली आहे. पेशव्यांचा कारभारी मोरो दीक्षित आणि पेशव्यांच्या कवायती पलटणीवरचा इंग्रज अधिकारी कॅप्टन फोर्ड यांचा जिव्हाळ्याचा स्नेह होता. लढाई अटळ दिसूं लागली तेव्हां दीक्षितानें फोर्डास सुचविलें कीं, तूं या भांडणांतून बाजूस राहा. फोर्डानें तें नाकारलें. तो आपल्या लोकांकडे जाणार म्हणाला. त्यावर दोघांनीं एकच करार केला : ज्याची बाजू जिंकेल त्यानें दुसऱ्याच्या कुटुंबाचें रक्षण करावें. पुढें ता. ५ रोजीं मोरो दीक्षित खडकीच्या मैदानांत पेशव्यांच्या बाजूनें लढतांना पडला. तोही फोर्डाच्याच पलटणीच्या तोफेनें. इंग्रजांशीं मैत्री त्याचीही होती. बाजीरावाचे दोष त्यासही दिसत असतील. मैत्रीपोटीं त्यानें फोर्डास सावधही केलें. परंतु स्वतः कोणाच्या बाजूस उभें राहावयाचें, याविषयीं त्याच्या मनांत गोंधळ नव्हता. बाळाजीपंताच्या नांवाशेजारीं आमच्या पाठ्यपुस्तकांनीं मोरो दीक्षिताचें नांव कधींच छापलें नाहीं, याचें आम्हांस वाईट वाटतें.

मग ता. १७ चा तो दिवस उजाडला. आदल्या दिवशीं येरवड्याजवळ झालेल्या चकमकीनंतर बाजीराव रात्रींच निघून गेला होता. जनरल स्मिथची फौज शहरांत शिरली. कॅप्टन रॉबर्टसनबरोबर बाळाजीपंत शनिवारवाड्यांत गेला आणि निशाण चढविलें, अशी परंपरागत हकीकत आहे. बाळाजीपंताची बाजू घेणारे म्हणतात, निशाण लवकर चढलें म्हणून शहर तोफांतून आणि लुटींतून वांचलें. शहर लुटलें गेलें नाहीं हें खरें. पंधरा वर्षांपूर्वीं होळकरांच्या स्वारींत ज्यांनीं सर्वस्व गमावलें होतें, त्या पुणेकरांस या गोष्टीची किंमत निश्चितच वाटली असेल. पण शहर राखण्याची आज्ञा एल्फिन्स्टन व स्मिथ यांची होती. ती पाळली जाण्यास निशाणाची दोरी एका पुणेकर ब्राह्मणाच्याच हातीं असावयास पाहिजे होती असें नाहीं.

दुसरा युक्तिवाद जास्त वजनदार आहे. इंग्रजांस पुण्यांत आणलें कोणी ? ता. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं वसईच्या तहावर सही करून खुद्द बाजीरावानेंच. होळकरांच्या भीतीनें त्यानें आपलें राज्य इंग्रजांच्या संगिनींच्या आधारावर परत मिळविलें, आणि त्याच दिवशीं स्वातंत्र्य संपलें. मग पंधरा वर्षांनीं एका कारकुनानें निशाणाची दोरी ओढली म्हणून सगळें पाप त्याच्या माथीं मारणें हें न्यायाचें नव्हे. यांत तथ्य आहे. १८०३ मध्यें असईस, १८१७ च्या अखेरीस नागपुरास, सर्वत्र हाच खेळ चालला होता. आप्पासाहेब भोसल्यांवर चालून जाणाऱ्या जनरल डव्हटनचा तळ आमच्या मेहकरासच पडला होता, आणि त्याच्या बैलांस दाणावैरण आमच्याच लोकांनीं विकली असली पाहिजे. सूर्याजी पिसाळाप्रमाणें एकच नांव निवडून त्याजवर थुंकणें सोपें असतें. त्यानें उरलेल्यांचे हात स्वच्छ होत नाहींत.

त्याच काळांत फ्रान्समध्यें फूशे नांवाचा पोलीसमंत्री होऊन गेला. त्यानें १७९३ सालीं राजाच्या शिरच्छेदास मत दिलें, नेपोलियनची चाकरी केली, आणि १८१५ सालीं मारलेल्या राजाच्याच भावाचाही तो मंत्री झाला. राज्यें बदललीं, फूशेच्या बातम्यांचें दप्तर बदललें नाहीं. बातमीदाराचें इमान दप्तराशीं असतें असें कोणी म्हणेल, तर निदान १८१७ पर्यंतच्या बाळाजीपंतास तें लागू पडतें. त्यानें दिलेल्या बातम्या खऱ्या होत्या. ज्याच्याकडून वेतन घेतलें त्यास त्यानें फसविलें नाहीं. ती चाकरी स्वदेशास घातक होती. म्हणून आम्ही तिला वाईट म्हणतों, पण खोटी म्हणत नाहीं.

साताऱ्याची गोष्ट निराळी आहे.

१८१८ च्या एप्रिलमध्यें इंग्रजांनीं प्रतापसिंह महाराजांस साताऱ्याच्या गादीवर बसविलें. ग्रँट डफ त्यांच्याजवळ पोलिटिकल एजंट होता, आणि त्याच्या हाताखालीं बाळाजीपंत. जहागीर आणि दक्षिणेच्या सरदारांत मानाचें स्थान मिळून तो आतां मोठा गृहस्थ झाला होता. प्रतापसिंह महाराज मनापासून कारभार शिकले. रस्ते, शाळा, छापखाना, शहरास पाणी हीं कामें त्यांच्या हातून झालीं. स्वतः रोजनिशी लिहिणारा असा राजा त्या काळीं दुर्मिळ. १८३५ सालीं कंपनीच्या संचालकांनीं संतुष्ट होऊन त्यांच्यासाठीं रत्नजडित तलवार पाठविली. ती तलवार त्यांच्या हातीं कधींच पडली नाहीं.

मध्यंतरीं वेदोक्त कर्माच्या अधिकाराचा वाद पेटला होता. प्रभु ज्ञातीस वेदोक्ताचा अधिकार आहे असा महाराजांचा पक्ष. ब्राह्मणांचा पक्ष उलट. त्यांत सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन आणि बाळाजीपंत नातू हे विरोधकांचे आधारस्तंभ. आम्ही संस्कृत शाळेंत वाढलेले आहोंत. धर्मशास्त्राच्या वादास वाद म्हणून आमचा आक्षेप नाहीं. निर्णयसिंधु काढावा, धर्मसिंधु काढावा, रात्र जागवावी आणि सकाळीं स्नान करून आपापल्या घरीं जावें. परंतु शास्त्रार्थांत हरवितां येत नाहीं म्हणून प्रतिपक्षाची गादी उलथावी, ही रीत कोणत्या ग्रंथांत सांगितली आहे ?

१८३६ च्या सुमारास असें उठविण्यात आलें कीं महाराजांच्या दिवाणानें इंग्रजांच्या तेविसाव्या पलटणींतील देशी अंमलदारांस फितविण्याचा यत्न केला. पुढें गोव्याच्या पोर्तुगीजांशीं आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेबांशीं महाराजांचें सूत असल्याचे कागद निघूं लागले. गुप्त चौकशीसाठीं लॉडविक, ओव्हन्स आणि विलोबी असे तिघे नेमले गेले. चौकशीचें गुप्तपण असें कीं जो आरोपी, त्यासच पुराव्याचे कागद पाहावयास मिळेनात. पुढें ओव्हन्स साताऱ्याचा रेसिडेंट झाला आणि बाळाजीपंत त्याचा उजवा हात.

कागद कसे निघत होते, याचा एक नमुना पाहण्यासारखा आहे. दिवाण गोविंदराव कैदेंत असतां त्याची आई गिरजाबाई हिच्या नांवानें सरकारास एक अर्ज गेला, आणि त्यांत महाराजांच्या राजद्रोहाचा पाढा वाचलेला. मुलाच्या सुटकेसाठीं आईनें सत्य सांगितलें असें सर्वांस वाटलें. कांहीं काळानें कृष्णाजी सदाशिव भिडे नांवाचा एक गृहस्थ पुढें येऊन म्हणाला, तो अर्ज मीं लिहिला, आणि कबूल केलेलें बक्षीस मला अद्याप मिळालेलें नाहीं. बक्षिसाची तक्रार झाली नसती तर खरा लेखक कोण हें जगास कळलें नसतें ! कौटिल्याच्या तीन हेरांचा नियम येथें कोणी लावला नाहीं; लावावयाचाच नव्हता. येथें बातमी आधीं ठरली होती, आणि पुरावा मागाहून गोळा होत होता.

१८३९ च्या ऑगस्टांत गव्हर्नर सर जेम्स कार्नक साताऱ्यास आला. अपराध कबूल करून सही करा, मागचें सर्व विसरूं, असें त्यानें महाराजांस सांगितलें. महाराजांनीं सही केली नाहीं. न केलेल्या अपराधाची कबुली देण्यापेक्षां गादी सोडणें त्यांनीं पत्करलें. ता. ५ सप्टेंबरच्या पहांटे त्यांस वाड्यांतून बाहेर काढलें. त्यांचे बंधु शहाजी यांस गादी मिळाली. महाराज काशीस नजरकैदेंत गेले आणि १८४७ सालीं तेथेंच वारले. पुढच्याच वर्षीं शहाजी निपुत्रिक वारले, आणि डलहौसीनें सातारा खालसा केला. रंगो बापूजी गुप्ते विलायतेंत चौदा वर्षें दाद मागत बसले. कंपनीच्या भागीदारांच्या सभांत या प्रकरणावर तासन् तास भाषणें झालीं. चौकशींत बसलेल्या लॉडविकनेंच पुढें महाराजांची बाजू घेतली. त्या वादांत महाराजांच्या पक्षानें बाळाजीपंताचें नांव लांचलुचपतीच्या आणि कारस्थानाच्या आरोपांसह वारंवार घेतलें. त्या आरोपांची उघड्या न्यायासनापुढें शहानिशा कधींच झाली नाहीं. म्हणून कोणत्या कागदावर त्याचा हात होता तें ठामपणें सांगण्यास आम्ही तयार नाहीं. परंतु ज्या कचेरींतून हें सर्व चाललें तिचा तो प्रमुख देशी सल्लागार होता, आणि खरी बातमी कोणती, खोटी कोणती हें ओळखण्यांत त्याचा हातखंडा होता. गिरजाबाईचा अर्ज त्याच्यासारख्या माणसास ओळखूं आला नाहीं, असें मानण्यास आमचें मन घेत नाहीं.

निशाणाची गोष्ट लहान पोरासही ठाऊक आहे, आणि साताऱ्याची फार थोड्यांस, असें कां व्हावें ? आमच्या मतें याचें कारण आपल्याच घरांत आहे. निशाणाच्या गोष्टींत दोषी एकटा नातू. साताऱ्याच्या गोष्टींत मात्र आपल्या ज्ञातीचा एक मोठा पक्षच त्याच्या पाठीशीं उभा दिसतो. मग ती गोष्ट माजघरांत कोण काढणार ? प्रबोधनकार ठाकरे यांनीं १९४८ सालीं ‘प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी’ हा ग्रंथ लिहून ती उघड्यावर मांडली. त्यांची लेखणी ब्राह्मणांविषयीं तिखट, आणि कित्येक ठिकाणीं ती आम्हांस अन्यायाची वाटते. पण तिखट आहे म्हणून पुस्तकच घरांत येऊं न देणें, हा त्यावरचा उपाय नव्हे. आमच्या ओळखीच्या एका मोठ्या एकत्र कुटुंबांत तें फडताळांत उलटें करून ठेवीत. पाठीवरचें नांव दिसूं नये म्हणून. अर्थातच घरांतील सर्व तरुण मंडळींनीं तें चोरून वाचलें होतें.

एकत्र कुटुंबाचा विषय निघाला म्हणून सांगतों. वीस-पंचवीस माणसांच्या घरांत कोणी ना कोणी बातमीदार असतोच. धाकटीनें काय म्हटलें, दुधाचा हिशेब कोठें चुकला, हें सासूबाईंच्या कानांवर संध्याकाळच्या आंत जातें. त्यानें घर मोडत नाहीं. घर मोडतें तें कर्ता पुरुष ऐकीव गोष्टीवर, दुसऱ्या पक्षास न विचारतां, कोणाचें ताट वेगळें करतो तेव्हां.

या हकीकतीचा उत्तरार्ध नातू घराण्याच्याच वांट्यास आला आहे. एल्फिन्स्टन पुढें मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याच्या कारकीर्दींत १८२७ सालीं कायद्यांची जी संहिता झाली, तींतील पंचविसावा कायदा असा कीं सरकारास वाटल्यास कोणाही इसमास कारण न सांगतां आणि खटला न चालवितां अटकेंत ठेवितां यावें. सत्तर वर्षें लोटलीं. १८९७ सालीं पुण्यांत प्लेग आला, घरतपासणीचा जुलूम झाला, आणि ता. २२ जूनच्या रात्रीं रँडवर गोळी झाडली गेली. जुलैच्या अखेरीस टिळकांस पकडलें, आणि त्याच सुमारास बाळासाहेब व तात्यासाहेब नातू या सरदार बंधूंस त्या १८२७ च्या कायद्याखालीं उचललें. हे बाळाजीपंताचेच वंशज. आरोप सांगितला नाहीं, साक्षीदार दाखविला नाहीं, मिळकतीवर जप्ती. ऑक्टोबरांत दामोदर चाफेकर पकडला गेला. पुढें त्याजवर खटला होऊन त्यास फांशीही झाली. नातू बंधूंचा त्या कटाशीं संबंध कधींच शाबीत झाला नाहीं. तरी ते अटकेंतच. कोण्या बातमीदारानें सरकारच्या कानांत कांहीं सांगितलें असेल, आणि सरकारनें तें प्रतापसिंह महाराजांप्रमाणेंच यांसही दाखविलें नाहीं.

त्याच वर्षीं डिसेंबरांत राष्ट्रीय सभेचें अधिवेशन आमच्या वऱ्हाडांत, अमरावतीस भरलें. अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. त्या सभेनें असल्या कायद्यांचा निषेध केला आणि नातू बंधूंची उघड चौकशी व्हावी अशी मागणी केली. ज्या घराण्याच्या मूळपुरुषानें शनिवारवाड्यावर निशाण चढविलें, त्याच घराण्यासाठीं अमरावतीच्या मंडपांत देशभरचे लोक न्याय मागत होते, आणि त्यांपैकीं कोणीही ‘यांचा पणजोबा कोण होता’ असें विचारलें नाहीं. १८९९ सालीं दोघेही सुटले. खटला शेवटपर्यंत झालाच नाहीं.

त्या विद्यार्थ्यास आम्हीं मागाहून पत्र लिहिलें. तो तोंवर मोठा होऊन परगांवीं नोकरीस लागला होता. निशाणाची, साताऱ्याची आणि अमरावतीची, तिन्ही हकीकती त्यांत सविस्तर लिहिल्या. आधीं दिलेल्या उत्तराबद्दल क्षमाही मागितली. त्याचें उत्तर आलें. आपल्या घराण्याची वंशावळ त्यानें काढविली होती. बाळाजीपंताशीं दूरान्वयानेंही नातें निघालें नाहीं. खालीं एक ओळ होती : ‘गुरुजी, नातें निघालें नाहीं याचा त्या वयांत फार आनंद झाला असता. आतां मुलाला काय सांगावयाचें याचाच विचार करतों. त्याच्या वर्गांतही तो धडा आला आहे.’